भिंतीवरचं व्हेकंट

हरिओमला इंग्रजी वाचता येतं, हे मी सगळ्यात आधी सांगून टाकते. तो माझ्याच वर्गात होता. त्याचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं होतं आणि आज त्या अक्षरावरच त्याचं पोट चालतं. झरीपासून आमच्या गावापर्यंत जेवढ्या दुकानांच्या पाट्या आहेत, त्यातल्या निम्म्या त्यानं रंगवल्यात. मोबाईल रिपेअरिंग, अॅग्रो एजन्सी, हेअर सलून, सगळं इंग्रजी अक्षरांत, एकही चूक नाही. म्हणून "मला काय मालूम त्याचा अर्थ" असं त्यानं मला तोंड वर करून सांगितलं, तेव्हा माझा हात शिवशिवला. मारलं नाही, एवढंच.

गावाचं नाव सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं "आमच्याकडं असलं काही नसतं" म्हणायला मोकळी होतात. परभणीहून झरीची एसटी धरायची आणि पुढं जीप मिळाली तर जीप, नाहीतर आपले पाय. गावाच्या कडेला आमचं घर. दगडमातीच्या भिंती, वर पत्रे, पुढं मेंढरांसाठी बाभळीच्या काट्यांचं कुंपण. आम्ही धनगर. बाबांचं नाव मल्हारी, मायचं कासाबाई. मी चंदा, परभणीत होस्टेलला राहून बीए करते, तेही इंग्रजी घेऊन, आणि याचा बाबांना इतका अभिमान आहे की रस्त्यात भेटलेल्या अनोळखी माणसालाही ते सांगतात.

दिवाळी झाली की बाबा आणि माय मेंढरं घेऊन निघतात. पाथरीकडून गोदावरीच्या काठाकाठानं, कापणी झालेली शेतं धरत, रोज कुणाच्या तरी रानात मेंढरं बसवत पुढं जातात आणि मृगाला परत येतात. त्या काळात घरात माणूस नसतं. घोंगड्या, भांडी, चुलीवरचा तवासुद्धा घोड्यावर लादलेला असतो. मागं फक्त देव राहतो. कोनाड्यात खंडोबाचा चांदीचा टाक आहे, पणजोबांच्याही आधीपासूनचा. देव घर राखतो, म्हणून त्याला बरोबर न्यायचं नाही. आणि देव घरात असताना बाहेरून कुलूप लावायचं नाही, कारण मग त्याला कोंडल्यासारखं होतं. आमच्या घराण्यात हे असंच चालत आलंय. दाराला नुसती कडी आणि कडीत लोकरीच्या दोरीची गाठ. शेजारच्या चांगुणाबाई, ज्यांना मी आत्या म्हणते, रोज दिवेलागणीला गाठ सोडतात, देवापुढं दिवा लावतात आणि पुन्हा गाठ मारून घरी जातात. आजवर त्या घरातली काडी हलली नाही.

यंदा मृगाला बाबा परतले आणि दुसऱ्याच दिवशी त्यांचा फोन आला.

"चंदा, आपल्या घरावर सरकारनं लिवलंय."

"काय लिवलंय?"

"मला काय कळायलंय? इंग्लिश हाय. पन लाल हाय, लय मोठं हाय. दाराच्या शेजारी. भागवतच्या भिताडावर बी असंच लाल लिवलं व्हतं बग, मंग त्याला घरकुल भेटलं."

मीही खूश झाले. खोटं कशाला बोलू? होस्टेलच्या खोलीत मी मैत्रिणींना सांगितलं की आमचं पक्कं घर होणार, मग सुट्टीत सगळ्यांनी यायचं. बाबांच्या फोनला कॅमेरा नाही आणि मला तेव्हा परीक्षा होती. काय लिहिलंय ते बघू की नंतर, असं म्हणून मी विषय सोडला.

मी घरी गेले ती श्रावणात, पंचमीला. जीपमधून उतरून वळणावर आले आणि लांबूनच ती लाल अक्षरं दिसली. बाबा म्हणाले होते त्याहून मोठी. चकाकत होती. जवळ जाऊन बघितलं तर ऑईलपेंट. मायनं सगळी भिंत पांढऱ्या मातीनं पोतारली होती आणि त्या अक्षरांभोवती तेवढी चौकट सोडली होती. चौकटीच्या वरच्या कडेला हळदकुंकवाची बोटं. शुक्रवारची असणार, अजून ताजी होती.

लिहिलं होतं, व्हेकंट.

मी पिशवी खाली ठेवली. बाबा मागून आले, डोक्याचा पटका सावरत, आणि हसून म्हणाले, "कसं दिसायलंय? पावसानं गेरू उतरायला लागला व्हता गं. म्या म्हनलं, अक्षर गेलं म्हंजी घरकुल गेलं. मंग परभनीहून पक्का रंग आनला आनि हरिओमकडून गिरवून घेतलं. आता धा पावसाळे बगायचं काम न्हाई. वाच की. काय हाय?"

हा शब्द मला पहिल्यांदा विवेक सरांनी शिकवला. ते परभणीहून मोटारसायकलवर आमच्या शाळेत येतात, आजही येतात. सातवीत असताना त्यांनी फळ्यावर हा शब्द लिहिला आणि त्याचे उपयोग सांगितले. व्हेकंट सीट म्हणजे एसटीतली रिकामी जागा, रुमाल टाकायच्या आधीची. व्हेकंट पोस्ट म्हणजे आपल्या शाळेतली हेडमास्तरची खुर्ची, जी कित्येक वर्षं भरलेलीच नाही. व्हेकंट प्लॉट म्हणजे ज्याच्यावर काही बांधलेलं नाही असा तुकडा. आणि व्हेकंट लुक म्हणजे असं, म्हणून त्यांनी तोंड उघडं टाकून आढ्याकडं बघितलं आणि आम्ही पोटं धरून हसलो. मग प्रत्येकानं आपलं आपलं वाक्य लिहायचं होतं. मी लिहिलं, आमचं घर दिवाळीपासून मृगापर्यंत व्हेकंट असतं. सरांनी त्यावर लाल पेनानं काट मारली आणि मला जवळ बोलावून म्हणाले, "चंदा, तुमचं घर व्हेकंट कसं? तुम्ही परत येता ना? ज्या घराला परत येणारं कुणी आहे, त्याला व्हेकंट म्हणत नाहीत." मला ते इतकं आवडलं होतं की मी घरी येऊन मायला सांगितलं. इंग्रजीच घ्यायची, हे बहुतेक त्याच दिवशी ठरलं माझं.

"वाच की," बाबा पुन्हा म्हणाले. माय चुलीपुढून उठून दारात आली होती.

"बाबा, याचा अर्थ रिकामं," मी म्हणाले. "हे घर रिकामं हाय, हितं कुनी राहत न्हाई, असं लिवलंय."

बाबा हसले. त्यांना वाटलं मी गंमत करतेय. मग माझा चेहरा बघून त्यांचं हसू थांबलं. त्यांनी भिंतीकडं बघितलं, मग कुंपणातल्या मेंढरांकडं, मग मायकडं.

"मंग आमी कोन?" ते म्हणाले.

माय वळली. आत जाऊन तिनं ओला फडका आणला आणि हळदकुंकू पुसायला लागली. ते लगेच निघालं. खालची अक्षरं मात्र जशीच्या तशी राहिली. मला त्या वेळी रडू यायला पाहिजे होतं, पण आला तो संताप. चहाही न घेता मी हरिओमकडं गेले.

हरिओमची शेड बसथांब्याच्या मागं आहे. तो एका पाटीवर पिवळी किनार ओढत बसला होता. मी विचारलं, तेव्हा ते "मला काय मालूम" सुरू झालं.

"सातवीत माझ्या शेजारच्या बाकावर बसून तू या शब्दाचं वाक्य लिवलंस," मी म्हणाले. "एसटीत व्हेकंट सीट न्हाई, असं लिवलं व्हतंस. मला याद हाय आनि तुला न्हाई?"

त्यानं ब्रश रॉकेलच्या डब्यात टाकला. "चंदे, मल्हारीमामा सोत्ता रंग घेऊन आलते. गिरव म्हनले, गिरवलं. गिऱ्हाइकाला आपन अर्थ सांगत बसतो का?"

"ते गिऱ्हाईक व्हते? तुला लहानपनी खांद्यावर घेऊन फिरलेला मानूस गिऱ्हाईक?"

तो खाली बघायला लागला आणि मग त्याच्या तोंडून खरी गोष्ट निघाली. सरपंच तात्यारावांना गावठाणात व्यायामशाळेसाठी जागा पाहिजे. सर्व्हेत जी घरं रिकामी निघाली त्यांची जागा पंचायत ताब्यात घेणार आहे आणि पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत ठराव येणार आहे. रिकामी तशी तीन घरं निघाली. एक पडून मातीचा ढीग झालेलं, एकाच्या वारसाचा पत्ताच नाही, आणि एक आमचं. मोक्याची जागा आमचीच. हे सांगताना हरिओमची नजर भिंतीकडं गेली. तिथं एक मोठा बोर्ड वाळत टेकवून ठेवला होता. त्यावर व्यायामशाळेचं नाव, तात्यारावांच्या वडिलांचं, आणि दोन्ही बाजूंना एकेक पैलवान.

"बोर्ड बी आदीच माझ्याकडं दिलता," तो पुटपुटला. "नाही म्हनलो असतो तर पुढची कामं गेली असती."

म्हणजे माझा बाप त्याच्यासमोर उभा राहून "नीट गिरव रं, लेकरा" म्हणत होता, तेव्हा त्याच बापाच्या जागेवर लागायचा बोर्ड याच्या शेडमध्ये होता. आणि यानं तोंडातून ब्र काढला नाही. मी त्याला काय काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यातलं एकही अक्षर मला मागं घ्यायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. सर्व्हे कुणी केला हे हरिओमनं सांगितलंच होतं. विवेक सर ऑफिसात एकटेच होते, हेडमास्तरची खुर्ची अजून रिकामीच होती. मला बघून त्यांना आनंद झाला. तो खरा होता, आणि म्हणूनच मला जास्त राग आला.

"बस, चंदा. कितवं वर्ष आता?"

"आमच्या घरावर ते तुम्ही लिहिलंत?"

ते थोडा वेळ टेबलावरचं पेपरवेट फिरवत राहिले. मग म्हणाले, "अगं, मोबाईलवर भरायचं असतं. तीन पर्याय येतात. राहतात, कुलूपबंद, आणि व्हेकंट. दार ढकललं तर उघडं. आत भांडं नाही, अंथरूण नाही. कुलूप असतं तर कुलूपबंद टाकलं असतं. कुलूपच नव्हतं."

"आत देव होता. कोनाड्यात पणती होती, वातीसकट."

"देवाचा पर्याय नसतो गं त्यात."

हे ते चेष्टेनं म्हणाले नाहीत. ते थकलेले होते, त्यांच्याकडं चार गावं होती आणि वर दहावीच्या परीक्षेची ड्यूटी, हे सगळं त्यांनी मला सांगितलं. मी ऐकून घेतलं. कुलूपबंद टाकलं की परत यावं लागतं, पुन्हा फोटो, पुन्हा सही. व्हेकंट टाकलं की काम संपतं. हे त्यांनी सांगितलं नाही, ते मीच बोलले आणि त्यांनी नाही म्हटलं नाही.

"तुम्हाला माहीत होतं ना ते घर कुणाचं आहे?"

"माहीत होतं."

"माझ्या वहीत तुम्ही काट मारली होती, सर. व्हेकंट नाही म्हणून. सातवीतल्या पोरीला जो अर्थ समजावून सांगितलात तो तुमचा तुम्हाला पाळता आला नाही?"

मग मी मला खरं जे विचारायचं होतं ते विचारलं. बाबा त्यावर पक्का रंग देऊन घेत होते तेव्हा सर रोज त्याच रस्त्यानं येत होते. त्यांनी बघितलं असणार.

"बघितलं," सर म्हणाले. "मी गाडी थांबवलीही होती. मल्हारीराव इतके आनंदात होते. मला म्हणाले, सर, बरोबर गिरवतोय ना पोरगा? मला खरं सांगवेना. म्हटलं, सवडीनं सांगू. काहीतरी दुरुस्ती करून घेऊ आणि मगच सांगू."

"मग काय म्हणालात त्यांना?"

सरांनी पेपरवेट ठेवलं. "बरोबर आहे म्हणालो."

मी उठले. दारापर्यंत जाऊन परत वळले आणि म्हणाले, "पंधरा ऑगस्टला झेंडावंदनानंतर लगेच घरी जाऊ नका. ग्रामसभेला या." आवाज चढला होता माझा. वऱ्हांड्यातली पोरं बघत होती. बघू देत म्हटलं.

गावात असे किती जण असतील, याचा मी त्या आठवड्यात विचार करत राहिले. तात्यारावांना वाचता येतं. ग्रामसेवकाला येतं. कॉलेजला जाणारी पोरं त्या भिंतीसमोरून दिवसातून चारदा जातात. मराठीत लिहिलं असतं तर चांगुणा आत्याचा नातू तरी मोठ्यानं वाचून गेला असता. इंग्रजीत लिहिलं की ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते सोडून बाकी सगळ्यांना कळतं. आणि मी ज्या भाषेचा अभ्यास करतेय म्हणून बाप गावोगाव सांगत फिरतो, ती भाषा आमच्या दारात अशी आली. मला माझ्या पुस्तकांचाही राग आला त्या आठवड्यात, खरंच सांगते.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात झाली. ग्रामसेवकानं विषय वाचले. पाणीपट्टी झाली, नाली झाली, मग व्यायामशाळा आली. तात्याराव उठून म्हणाले की तरुण पोरांसाठी ही सोय लय गरजेची आहे, आणि रिकाम्या पडलेल्या जागा गावाच्या कामी यायला पाहिजेत. मी उभी राहिले. बायकांच्या बाजूनं कुणी उभं राहिलं की आमच्याकडं आधी कुजबूज होते, ती झाली.

"आमचं घर रिकामं न्हाई," मी म्हणाले. "माझे आईबाप हितं बसलेत, बगा."

"पोरी, कागदावर जे हाय ते हाय," तात्याराव शांतपणे म्हणाले. "सर्व्हे सरकारचा हाय, माझा न्हाई. आनि दुसरं असं की तुझ्या बापाला जर ते कबूल नव्हतं, तर त्यानं पदरचा रंग आनून ते पक्कं कामून करून घेतलं? साऱ्या गावानं बगितलंय. ह्याहून लेखी काय पाहिजे?"

लोक हसले. सगळे नाही, पण बरेच. बाबांनी पटक्याचा सोगा ओढून तोंडावर घेतला. तात्यारावांनी माझ्या बापाचा भोळेपणा उचलून त्याचीच सही केली होती. हे करायला डोकं लागतं आणि लाज सोडावी लागते. त्यांच्याकडं दोन्हीची सोय आहे.

मी बोलायच्या आधी चांगुणा आत्या उठल्या. "म्या रोज सांजच्याला त्या घरात दिवा लावते," त्या म्हणाल्या. "मंग म्या काय भुताच्या घरात जाते का, तात्या?"

"आत्या, दिवा लावनं म्हंजी राहनं न्हाई," तात्याराव म्हणाले.

तेव्हा बाबा उठले. ते गावात कधी बोलत नाहीत. मेंढरांशी बोलतात, माझ्याशी बोलतात. मागच्या रांगेत सर खुर्चीवर बसले होते, त्यांच्याकडं वळून बाबा म्हणाले, "सर, मला वाचता येत न्हाई. तुमी समद्यांसमोर सांगा, माझ्या भिताडावर काय हाय ते."

सर उभे राहिले. क्षणभर ते आढ्याकडं बघावं तसं वर बघत राहिले, आणि मला सातवीतलं त्यांचं ते तोंड आठवलं. या वेळी कुणी हसलं नाही.

"व्हेकंट," ते म्हणाले. "म्हणजे रिकामं."

"ते तुमी लिवलं?"

"हो."

"आनि म्या गिरवून घेत व्हतो, तवा म्या तुमाला इचारलं, बरोबर हाय का. तुमी काय म्हनलात?"

सरांनी बाबांकडं बघितलं.

"बरोबर आहे म्हणालो," सर म्हणाले. "ते चूक होतं, मल्हारीराव. दोन्ही चूक होतं. लिहिलेलं आणि बोललेलं." मग ग्रामसेवकाकडं बघून त्यांनी सांगितलं की या घरात लोक राहतात, सर्व्हेत चुकीची नोंद झाली आणि ती त्यांच्याच हातून झाली. हे ते लेखी देतील.

तात्यारावांनी घड्याळात बघितलं. ठराव मागं ठेवला गेला. रद्द नाही झाला, मागं ठेवला गेला. ग्रामसेवकानं समजावलं की हिवाळ्यात पुन्हा पाहणी होईल. तेव्हा घरात एकतर माणूस दिसायला हवं, नाहीतर दाराला कुलूप. कुलूप असलं की घर मालकाचं धरतात. उघडं सापडलं आणि आत कुणी नसलं, तर मग त्यांच्याही हातात काही राहत नाही. बाबांनी मान हलवली आणि आम्ही तिघं घरी निघालो. हरिओम वाटेत उभा होता. बाबा त्याला "जेवलास का?" म्हणाले. त्यांच्या जागी मी असते तर त्याच्याकडं बघितलंही नसतं.

त्या रविवारी सर आले. सोबत थिनर, पत्र्याची पट्टी, खरकागद. मायनं त्यांना पाणी दिलं, चहा दिला नाही. आमच्या घरी आलेला माणूस चहाशिवाय गेल्याचं मी पहिल्यांदा बघितलं. सर दुपारपर्यंत घासत होते. त्यांची बोटं लाल झाली, शर्टाची बाही लाल झाली. पण बाबांनी दुकानदाराला सगळ्यात चांगला रंग दे म्हणून सांगितलं होतं आणि त्यानं तो दिला होता. शेवटी मातीचा थर सुटायला लागला तेव्हा बाबा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, सर. भिताड जाईल." सर गेल्यावर मायनं वरून पांढऱ्या मातीचे हात मारले. वाळल्यावर आतून ती अक्षरं पुन्हा दिसायला लागली, फिक्कट गुलाबी, पण वाचता येतील अशी.

दिवाळीपर्यंत घरात एकच विषय होता. माय मागं राहिली तर मेंढरांमागं बाबा एकटे, आणि नेमकी तेव्हाच कोकरं व्हायला लागतात. मी कॉलेज सोडून राहते म्हटलं, तर बाबा माझ्यावर ओरडले. आयुष्यात दुसऱ्यांदा ओरडले असतील. राहिलं कुलूप. पण देव आत ठेवून कुलूप लावायला ते तयार नव्हते. चार दिवस ते कोनाड्यासमोर येरझाऱ्या घालत होते. मी म्हणाले, "बाबा, देवाला कळतंय. त्याला सांगा न् लावा कुलूप." ते म्हणाले, "त्याला कळतंय गं. मलाच कळायना."

निघायच्या सकाळी मी होते. घोडी लादून झाली होती, मेंढरं पुढं काढली होती. बाबांनी आंघोळ केली, भंडारा वाहिला आणि टाक कोनाड्यातून उचलला. किती पिढ्यांपासून तो तिथं होता, त्याच्याखाली चुन्यावर काळी गोल खूण पडली होती. त्यांनी टाक घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून छातीशी, बंडीच्या आत ठेवला. "चल बाबा," ते देवाला म्हणाले, "तू बी चल आता." मायनं कोनाडा पुसला. पणती चांगुणा आत्याच्या हातात दिली. मग कुलूप लावायची वेळ आली. बाबांनी जन्मात कधी कुलूप लावलं नव्हतं. त्यांनी किल्ली उलटी फिरवली, अडकली, पुन्हा फिरवली. शेवटी मी लावलं. कडीतली लोकरीची दोरी त्यांनी सोडून घेतली आणि एका कोकराच्या गळ्यात बांधली.

माघात आत्यांचा फोन आला. नातवाकडून लावून घेतला असणार, आवाज लांबून येत होता.

"चंदा, सरकारी मानसं आलती गं. दुसरीच व्हती, सर न्हवते. कुलूप बगितलं, मोबाईलवर दाबलं, खडूनं कायतरी लिवलं आनि गेली. हरिओमनं सोत्ता येऊन मला वाचून दावलं. कुलूपबंद हाय म्हनं. आता घराला काई भ्या न्हाई. तुझ्या बापाला सांग, ऱ्हायलं घर."

"बरं झालं, आत्या."

"व्हय, लय बरं झालं." मग त्या म्हणाल्या, "पन एक इचारते. म्या अजून रोज सांजच्याला पनती घेऊन जाते बग. सवय हाय ना. आत जाता येत न्हाई, म्हनून उंबऱ्याच्या भायेर ठिवते. काल ठिवली आनि मनात आलं, ह्यो दिवा कुनापुढं लावायले मी? तू शिकलेली हायेस, सांग. लावू का नको?"

मी होस्टेलच्या जिन्यात उभी होते. खाली पोरी हसत होत्या.

"नका लावू, आत्या," मी म्हणाले. "घर रिकामं हाय."